उत्तर कोणी दिले, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्त्रियांचा श्रमसहभाग वाढल्याचे आकडे अलीकडे वरचेवर छापून येतात. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. एक बाजू म्हणते की स्त्रिया घराबाहेर पडू लागल्या. दुसरी म्हणते की दुसरे काही हाती न लागल्याने त्या घरच्याच शेतीत आणि दुकानात राबू लागल्या, कारण काम करणाऱ्या या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्या उद्योगातल्या बिनपगारी मदतनीस म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. या वादात मी पडत नाही. मला त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो असा की त्या स्त्रीच्या कामाविषयी पाहणी करणाऱ्याला उत्तर कोणी दिले?

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले आणि १९९१, २००१ व २०११ या तिन्ही जनगणनांत प्रगणक म्हणून दारोदार फिरले. जनगणना मोठ्या संशोधनसंस्थांना संशोधन वाटत नसेल, पण त्यांचे नमुने, त्यांची टक्केवारी आणि त्यांची तुलना शेवटी तिच्याच पायावर उभी असते, आणि तो पाया कोणाच्या दारात, कोणाच्या तोंडून, किती घाईत रचला जातो हे माझ्यासारखीला जवळून माहीत आहे. जे लिहिते आहे त्यात माझीही चूक आहे, आणि ती मी पुढे सांगणार आहे.

आधी २०११ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. प्रत्यक्ष मोजणीचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी असा होता आणि त्यानंतर पाच दिवस फेरतपासणी. माझ्या गटातल्या घरांची यादी आदल्या वर्षी उन्हाळ्यातच झाली होती आणि तेव्हा सगळी घरे नांदती होती. फेब्रुवारीत मी त्याच वस्तीवर गेले तेव्हा ओळीने कुलपे होती. एका ओसरीवर एक म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसली होती. बाकीचे सगळे साखर कारखान्यांवर ऊसतोडीला गेलेले. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की मार्च-एप्रिलमध्ये परततात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. नियम असा होता की गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नाही त्याला घरी मोजायचे नाही, तो जिथे असेल तिथला प्रगणक त्याला मोजील. नियमात खोट काढण्यासारखे काही नाही. म्हातारीने मला सुनेचे नाव सांगितले, मी ते लिहिले नाही, आणि तिला एवढेच म्हणाले की तिकडे घेतील नाव. त्यावर ती म्हणाली, "तिकडं कोण पुसतंय बाई?"

हा प्रश्न मी आजही डोक्यातून काढू शकलेले नाही. तिकडे म्हणजे कुठे? कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नाही तर सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटकडे, कारखान्याच्या रिकाम्या जागेत किंवा रानाच्या कडेला, बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या कोपीत. तिथल्या प्रगणकाच्या नकाशात ती कोपी असेलच असे नाही, कारण घरयादी झाली तेव्हा ती उभीच नव्हती. कर्नाटकात असेल तर प्रगणक कानडी बोलणारा. आणि तो दिवसा येणार, तर कोपीत भेटणार कोण? बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापून उजाडायच्या आत उसाच्या फडात गेलेली असते. कोपीत असते ती आठ-नऊ वर्षांची मुलगी, काखेत धाकटे भावंड घेऊन. तिने जे सांगितले ते त्या कुटुंबाचे उत्तर होते. ऊसतोड कामगार महाराष्ट्रात नेमके किती, याचे आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत वेगवेगळे आकडे ऐकू येतात, त्याचे कारण मला तरी या कोपीच्या दारात दिसते.

त्यातही बाईची गोष्ट वेगळी सांगावी लागते. ऊसतोडीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि पैसे घेतो व अंगठा किंवा सही करतो तो नवरा. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या, हे बाई करते. मोळीमागे आणि टनामागे जो हिशेब होतो त्यात तिचे नाव कुठेही येत नाही. एखाद्या दिवशी ती आजारी पडली तर खाडा पडतो आणि तो मात्र कोयत्याच्या हिशेबातून वजा होतो. म्हणजे तिच्या गैरहजेरीची नोंद आहे, हजेरीची नाही. संशोधक जेव्हा मुकादमाच्या वहीवरून किंवा कारखान्याच्या कागदावरून कामगारांची संख्या काढतात, तेव्हा ते नकळत हीच मोजपद्धत उचलतात, आणि तक्त्यात 'कामगार' या शब्दाखाली जो माणूस उभा राहतो तो पुरुष असतो.

विचारल्यावर काय होते, हे २०१९ साली दिसले. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाची पिशवी काढण्याची प्रकरणे वर्तमानपत्रांतून बाहेर आली, विधिमंडळात गाजली आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्यांत ऐन उमेदीतल्या कितीतरी बायका होत्या. पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि खाडा तर परवडत नाही; मग अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घातली की ती उचलीत आणखी भर घालून ऑपरेशन करून घेते. हे गावात कोणाला माहीत नव्हते असे नाही. पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीत ते उघड बोलले जात होते. ते कागदावर नव्हते, कारण हजारोंच्या संख्येने त्या बायकांपाशी जाऊन त्यांनाच विचारावे असे त्याआधी कोणाला वाटले नव्हते. मला या प्रकरणातून सामाजिक संशोधनाविषयी जेवढे कळले तेवढे बी.एड.च्या काळात वाचलेल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकांतून कळले नव्हते.

आता माझी चूक. २००१ साली एका गल्लीत मी दुपारभरात बारा-तेरा घरे उरकली. शेवटचे सोडून प्रत्येक घरी ओसरीवर पुरुष बसलेला, आणि मीही त्यालाच विचारत गेले. बायको काय काम करते? "घरीच असती." मी लिहिले, काम न करणारी. सूचनापुस्तिकेत स्पष्ट म्हटले होते की स्त्रियांच्या बाबतीत खोदून विचारा, शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमोबदला केलेले कामसुद्धा काम धरा. १९९१ च्या जनगणनेपासून हे शब्द प्रश्नातच घातले गेले होते, आणि ते आपोआप आले नव्हते. स्त्रियांचे श्रम मोजणीतून निसटतात हे अभ्यासकांनी आणि चळवळीतल्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे सांगितल्यानंतर आले होते. शब्द आले, पण ते विचारायचे कोणाला, हे माझ्यासारखीच्या सोयीवर राहिले. त्या गल्लीतल्या शेवटच्या घरी पुरुष नव्हता, म्हणून बाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "रानात जाते की रोज. पण ते काय काम म्हणायचं का?" खुरपणी, कापूस वेचणी, दोन म्हशींची धार, शेणकूर, हे सगळे त्यांनी एका दमात सांगितले. त्यांच्यापुढे मी 'काम करणारी' लिहिले. मागे जाऊन आधीच्या बारा घरांची पाने दुरुस्त केली नाहीत. ऊन होते, पाय दुखत होते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत घटक चाचणी होती.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांचा कामातला वाटा २५.५ टक्के आणि पुरुषांचा ५३.३ टक्के निघाला. त्या २५.५ टक्क्यांत माझ्यासारख्या किती दुपारी मिसळल्या आहेत, हे मोजायचे साधन आपल्याकडे नाही, कारण त्या छापील आकड्यासोबत उत्तर देणाऱ्याचा पत्ता कुठेच नाही. उलट बाजूने पाहायचे तर वेळेच्या वापराची पाहणी आहे. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च केल्याचे दिसले, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांनी ८८ मिनिटे. जवळपास पाच तास. 'घरीच असती' या दोन शब्दांत हे पाच तास आणि रानातले त्यापुढचे पाच-सहा तास असे दोन्ही बुडालेले असतात.

काम एक वेळ बाजूला ठेवा. वैवाहिक स्थितीचा रकाना घ्या. एका घरी मी भावाला बहिणीविषयी विचारले. तिला सासरहून माहेरी येऊन सात-आठ वर्षे झाली असतील. नवऱ्याने दुसरी केली होती आणि ते साऱ्या गावाला माहीत होते. भाऊ म्हणाला, "लिहा की, लग्न झालेली." ती चुलीपाशी पाठमोरी होती. फुंकणी थांबली, पण ती बोलली नाही. तक्त्यात 'विभक्त' हा पर्याय होता. मी भावाने सांगितले तेच लिहिले, कारण उत्तर त्याने दिले होते आणि मला तिची फजिती करायची नव्हती. मराठवाड्यात अशा स्त्रीला टाकलेली म्हणतात, चळवळीने परित्यक्ता म्हटले, आता एकल महिला म्हणतात. नाव बदलत गेले तसा आदरही थोडा वाढला. मात्र त्यांच्यासाठी योजना करायच्या म्हणून संख्या मागितली जाते तेव्हा ती संख्या भावांनी आणि दिरांनी सांगितलेली असते, आणि घराण्याची अब्रू म्हणून ती कमीच सांगितलेली असते.

गावाच्या कडेला पारध्यांची पालं होती. तिथे जाताना माझ्यासोबत गावातले एक जाणते गृहस्थ आले, सद्‌भावनेनेच. पालासमोर एक बाई दगडावर चटणी वाटत होती. मी तिला नाव विचारले, तर हे गृहस्थ म्हणाले, "थांबा मॅडम, मी सांगतो, ह्यांचं काही खरं नसतं." आणि त्यांनी खरोखरच सगळे सांगितले: नावे, वये, धंदा, मुले किती. त्या बाईने मान वर केली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांना जन्माने गुन्हेगार ठरवले, नाव नोंदवायला आणि हजेरी द्यायला लावली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण हातात कागद घेऊन आलेल्या माणसापुढे गप्प राहणे हे त्यांच्या घरात आजीपासून शिकवले गेले असणार. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि पुढे इदाते आयोगानेही भटक्या-विमुक्तांची विश्वासार्ह गणनाच उपलब्ध नसल्याची अडचण मांडली होती. मी त्या दिवशी ज्या तऱ्हेने गणना केली, ती विश्वासार्ह कशी असेल? पारध्याच्या घराबद्दल गावाने उत्तर दिले आणि मी ते पारध्याचे उत्तर म्हणून लिहिले.

स्त्री-पुरुष याखेरीज 'इतर' हा पर्याय २०११ च्या मोजणीत पहिल्यांदा आला. देशभरात त्यात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद झाली, महाराष्ट्रात ४० हजार ८९१. तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ मध्ये आला, म्हणजे ही नोंद त्याच्याही आधीची आहे. ज्या घरात आई सांगते आणि शेजारी दारात उभे आहेत, तिथे तो पर्याय किती जणांच्या वाट्याला आला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

कोणी म्हणेल की हे प्रश्न विद्यापीठांत केव्हाच चर्चिले गेले. ते खरे आहे. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल १९७४ मध्ये आला आणि त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रीअभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. पुण्यात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या जागेवरून पाहिले तर समाजशास्त्राचे प्रश्नच कसे बदलतात, हे आयुष्यभर मांडले. एवढे सगळे होऊनही ते शहाणपण गल्लीतल्या प्रगणकापर्यंत पोचत नाही. त्याला मिळते ती दोन-तीन दिवसांची शिबिरे, जाडजूड पुस्तिका आणि 'लवकर उरका' असा वरून आलेला निरोप. एकीकडे उत्तम सिद्धांत आणि दुसरीकडे माझी २००१ ची दुपार, यांच्यामध्ये कोणी नाही.

ज्याला हे अशक्य वाटते त्याने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पाहावी. ती मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होते. घरातल्या हिंसेविषयीचे प्रश्न तीत एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात, आणि तेही ती एकटी असेल तरच. कोणी येऊन बसले तर तो भाग थांबवतात. म्हणजे कोणासमोर विचारले यावर उत्तर अवलंबून असते, हे सरकारी पाहणीला मान्य आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या पत्रिकेतही माहिती देणाऱ्याचा अनुक्रमांक लिहायची सोय असते. मग ती माहिती निष्कर्षाच्या तक्त्यापर्यंत का येऊ नये? स्त्रियांच्या ४१.७ टक्के सहभागाखाली एक ओळ छापा की यांतल्या इतक्या जणींनी स्वतः सांगितले आणि इतक्या जणींविषयी दुसऱ्याने सांगितले. या दोन टक्केवाऱ्या वेगवेगळ्या काढल्या तर कितीतरी वाद तिथेच मिटतील, किंवा निदान खऱ्या मुद्द्यावर येतील.

येत्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा ठरला आहे. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, फड ऐन भरात असताना. या खेपेस सगळ्या जातींची नोंद व्हायची आहे, जी १९३१ नंतर जनगणनेत झालेली नाही. मोजणी मोबाइलवर व्हायची आहे आणि घरबसल्या स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आहे. 'स्वतः' हा शब्द मला इथे खटकतो, कारण आमच्या गावात घरटी एकच चांगला फोन असतो आणि तो धाकट्या मुलाच्या नाही तर नवऱ्याच्या खिशात असतो. आईचे काम, बहिणीचे लग्न, वहिनीची जात हे सगळे तो एका बैठकीत भरून मोकळा होईल. वहिनी वेगळ्या जातीतून आली असेल तर तिने काय सांगितले असते, याची विचारपूसही होणार नाही. निदान ओसरीवर प्रगणक असताना चुलीपाशी कोणी तरी ऐकत तरी होते.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक व्यक्तीच्या नोंदीपुढे एक आकडा भरायचा रकाना असावा: स्वतः सांगितले, घरातल्या दुसऱ्या स्त्रीने सांगितले, घरातल्या पुरुषाने सांगितले, बाहेरच्याने सांगितले. सुमारे ३० लाख कर्मचारी या कामाला लागणार आहेत. त्यांना प्रत्येक स्त्रीला एकटीला गाठा असे सांगणे व्यवहार्य नाही, हे मला कोणापेक्षाही जास्त कळते. तो रकाना मात्र एका टिचकीचे काम आहे, आणि तो भरावा लागतो म्हटल्यावर प्रगणकाची नजर एकदा तरी आत वळते. विद्यापीठांनी, संस्थांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या पाहण्यांतही तो घ्यावा, आणि आपल्यासारख्या दैनिकांनी आकडा छापताना तो मागून घ्यावा.

दुसरी गोष्ट राज्य सरकारच्या हातातली आहे. कारखान्यांचे तळ जिथे पडतात त्या जागांची यादी साखर आयुक्तालयामार्फत कारखान्यांकडून घेऊन ती तिथल्या प्रगणकांना आधी द्यावी, कर्नाटकाच्या बाजूला मराठी बोलणारा माणूस सोबत द्यावा, आणि कोप्यांवरची मोजणी दिवसा ठेवू नये. ट्रक भरून जातो, बाई डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा घेऊन परत येते आणि चूल पेटते, ती वेळ संध्याकाळी सात-साडेसातची. तेव्हा प्रगणक तिथे असावा आणि कोयता किती हे न विचारता त्याने तिला आधी तिचे नाव विचारावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. बीड